तलवार, दोन घोडे आणि एक गृहीतक: बिर्काच्या थडग्यात नेमकं कोण होतं?

स्वीडनमधल्या एका बेटावर १८७८ साली एक थडगं उघडण्यात आलं. आत एका माणसाचा सांगाडा होता. सोबत तलवार, कुऱ्हाड, भाले, लढाईचा सुरा, चिलखत भेदू शकतील असे २५ बाण आणि दोन ढाली. पायांच्या बाजूला दोन घोडे, एक घोडा आणि एक घोडी.

इतकी शस्त्रं म्हणजे हा योद्धा, आणि योद्धा म्हणजे पुरुष. हे त्या वेळी कुणी सिद्ध केलं नाही, कारण सिद्ध करायची गरजच कुणाला वाटली नाही. पुढची जवळपास १४० वर्षं व्हायकिंग योद्धा कसा असायचा हे सांगताना पुस्तकांतून याच थडग्याचं उदाहरण दिलं गेलं.

२०१७ साली याच सांगाड्याच्या डीएनए चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. थडग्यातली व्यक्ती स्त्री होती.

ही बातमी जगभर गाजली, तिच्यावर वादही झाले आणि ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत. हे थडगं ज्या दफनभूमीत सापडलं तिथे अशी हजारो थडगी आहेत. ती कुणाची होती हे आपण कशावरून ठरवतो, हा या वादातला खरा प्रश्न आहे.

बिर्का म्हणजे काय?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर मेलारेन नावाच्या मोठ्या सरोवरात ब्योर्को नावाचं बेट आहे. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांपर्यंत या बेटावर बिर्का हे व्यापारी शहर होतं. मेलारेन आज सरोवर असलं तरी तेव्हा तो बाल्टिक समुद्राचाच आत शिरलेला फाटा होता. पाण्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे पाच मीटर वर होती. त्यामुळे समुद्रातून येणारी जहाजं थेट बिर्काच्या धक्क्याला लागत.

शहर म्हटलं तरी आजच्या हिशेबात ते एखाद्या मध्यम गावाएवढंच होतं. वस्ती सातशे ते हजार माणसांची असावी असा अंदाज आहे. पण व्यापार लांबवर पोहोचलेला होता. रशियातल्या नद्यांमधून होड्या हाकत इथली माणसं बायझेंटाइन साम्राज्यापर्यंत आणि अरबांच्या बाजारपेठांपर्यंत जात. उत्तरेकडची फर घेऊन जायची आणि चांदी, रेशीम, मणी घेऊन यायचं, असा तो धंदा.

थडग्यांमध्ये याचे पुरावे मिळतात. एका स्त्रीच्या थडग्यात चांदीची अंगठी निघाली. तिच्यातल्या जांभळ्या खड्यावर कुफी लिपीत अक्षरं कोरलेली होती आणि त्यांचा अर्थ 'अल्लाहसाठी' असा लावला जातो. खडा अॅमेथिस्टचा आहे असंच अनेक वर्षं मानलं जात होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो रंगीत काचेचा निघाला. यात फसवणूक झालीच असेल असं नाही, कारण त्या काळी तिथे काच ही दुर्मिळ आणि महाग वस्तू होती. बिर्काच्या शेजारच्या हेल्यो बेटावर तर १९५६ साली कांस्याची छोटी बुद्धमूर्ती सापडली. ती स्वात-काश्मीरच्या परिसरात घडवलेली आहे. भारतीय उपखंडातली ही मूर्ती हातोहात फिरत स्वीडनपर्यंत कशी पोहोचली असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

युनेस्कोने १९९३ मध्ये बिर्का आणि त्याच्या समोरच्या आदेलस्यो बेटावरचं होवगोर्डेन यांना मिळून जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

किडे शोधायला आलेला माणूस

बिर्काच्या दफनभूमीचं पहिलं मोठं उत्खनन यालमार स्तोल्पे यांनी केलं. ते मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. १८७१ मध्ये ते ब्योर्कोवर आले ते अंबर शोधायला. अंबर म्हणजे प्राचीन झाडांचा घट्ट होऊन दगडासारखा झालेला चीक. त्यात लाखो वर्षांपूर्वीचे किडे जसेच्या तसे अडकून राहिलेले असतात आणि स्तोल्पे यांना तेच हवे होते.

अंबर मिळालंही, पण ते मिळालं माणसांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये. बेटाच्या एका भागातली माती कोळसा, राख, हाडं आणि कचऱ्याने काळी झालेली होती. तिला आजही 'काळी जमीन' म्हणतात. इथे कधीकाळी गजबजलेलं शहर होतं, हे स्तोल्पे यांच्या लक्षात आलं. किडे मागे पडले आणि पुढे १८९५ पर्यंत ते बिर्का खणत राहिले.

जुन्या शहराच्या कडेकडेने तीन हजारांहून अधिक थडगी असावीत, असा अंदाज आहे. हेमलांडेन नावाच्या एका भागातच गवताने झाकलेले सोळाशेच्या आसपास उंचवटे दिसतात. स्तोल्पे यांनी यांपैकी सुमारे ११०० थडगी उघडली.

आजच्या पुरातत्त्वज्ञांना हा आकडा ऐकून धडकी भरेल. आता एकेका थडग्यावर अनेक दिवस जातात. माती चाळली जाते आणि प्रत्येक हाड उचलण्याआधी त्याची जागा मोजली जाते. एकोणिसाव्या शतकात इतकी सवड नव्हती आणि पद्धतही नव्हती. युरोपात अनेक ठिकाणी जुनी थडगी फोडून दागिने आणि शस्त्रं तेवढी संग्रहालयात नेली जात. हाडं तिथेच टाकून दिली जात.

स्तोल्पे मात्र काळाच्या बरेच पुढे होते. ते चौकटींच्या कागदावर थडग्याचा आराखडा काढत. कोणती वस्तू कुठे होती, सांगाडा कसा पडलेला होता, हे सगळं मापानिशी टिपून ठेवत. प्रत्येक थडग्याला त्यांनी क्रमांक दिला. १४० वर्षांनी या चौकटींच्या कागदांना किती महत्त्व येणार आहे, याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

तिथे माणसं कशी पुरली जात?

सगळ्यांना एकाच पद्धतीने निरोप दिला जात नव्हता. बहुतेकांचं दहन होई. चितेची राख आणि जळकी हाडं जागेवर किंवा मडक्यात ठेवून वर मातीचा ढीग रचला जाई. काहींना लाकडी पेटीत किंवा पेटीशिवाय पुरलं जाई. नवव्या शतकात अन्सगार हा ख्रिस्ती धर्मप्रचारक बिर्काला येऊन गेला होता, पण त्यामुळे पुरलेला प्रत्येक माणूस ख्रिस्ती होता असं म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार मोठ्या लोकांचा. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्याला आतून लाकडाच्या भिंती करत. एक छोटी खोलीच तयार होई. त्यात मृत व्यक्तीला तिच्या कपड्यांनिशी आणि सामानासह ठेवून वरून छप्पर घालत. अशी शंभरावर थडगी बिर्कात मिळाली आहेत. १८७८ साली उघडलेलं आणि नोंदवहीत 'बीजे ५८१' असा क्रमांक मिळालेलं थडगं याच प्रकारातलं.

त्याची जागाही साधी नव्हती. ते शहराच्या तटाबाहेर, टेकडीवरच्या किल्ल्याजवळ होतं. पुढे या भागात उत्खनन झालं तेव्हा तिथे सैनिकांचा तळ असल्याचे पुरावे मिळाले. थडग्यावर मोठा दगड होता. पाण्यातून येणाऱ्यांनाही ती जागा दिसली असती.

आतली व्यक्ती बसलेल्या स्थितीत ठेवली असावी, असं आराखड्यावरून वाटतं. शस्त्रं हाताशी येतील अशी मांडलेली होती. घोड्यावर बसताना लागणाऱ्या रिकिबी होत्या. शिवाय एक खेळायचा पट आणि २८ सोंगट्या. हा 'हनेफाटाफल' नावाचा खेळ असावा. त्यात मधोमध राजा असतो, त्याला शत्रूच्या वेढ्यातून बाहेर काढायचं असतं.

स्त्रियांच्या थडग्यांत हमखास मिळणारं काहीच इथे नव्हतं. व्हायकिंग काळातल्या श्रीमंत स्त्रिया खांद्यांजवळ कासवाच्या पाठीसारख्या अंडाकृती पिना लावत, त्यांच्यामध्ये मण्यांच्या माळा असत. त्या नव्हत्या. सुई, चाती, किल्ल्या यांपैकीही काही नव्हतं.

या थडग्याचं एक सुंदर चित्र १८८९ मध्ये स्तोल्पे यांच्या आराखड्यावरून काढलं गेलं. पुढे तेच चित्र पुस्तकापुस्तकांत छापलं गेलं.

गृहीतक कुठे शिरलं?

पुरलेली व्यक्ती स्त्री की पुरुष, हे ठरवायचे मुख्य दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हाडं पाहणं. दुसरा, सोबतच्या वस्तू पाहणं.

बिर्काच्या बहुतेक थडग्यांत हाडं नीट टिकलेली नाहीत. जिथे दहन झालं तिथे तर तुकडेच उरले आहेत. मग अभ्यासकांकडे वस्तू राहतात. पिना आणि मणी असतील तर स्त्री, शस्त्रं असतील तर पुरुष. ढोबळ अंदाज म्हणून हे चालून जातं. अडचण पुढच्या पायरीवर येते. शस्त्रं असलेल्या थडग्यांची मोजदाद करून 'शस्त्रं फक्त पुरुषांच्याच थडग्यांत मिळतात' असा निष्कर्ष काढला, तर आपण जे गृहीत धरलं तेच पुरावा म्हणून परत घेतोय. व्हायकिंग समाजात बाया काय करत आणि पुरुष काय करत, याबद्दलची बरीच विधानं नकळत अशा मोजदादीवर उभी आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होतं. बिर्कातलं सुमारे सहा वर्षांच्या मुलाचं एक थडगं प्रसिद्ध आहे. त्यात सोनेरी मुलाम्याची पिन आणि काचेचे मणी होते. 'बिर्काची मुलगी' म्हणून ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात मांडलेलं आहे. वयात न आलेल्या मुलांच्या हाडांवरून लिंग खात्रीने सांगता येत नाही. तिला मुलगी ठरवलं ते पिन आणि मण्यांनीच.

५८१ क्रमांकाच्या थडग्यात मात्र हाडं बऱ्यापैकी टिकली होती. १९७० च्या दशकातच ती तपासताना ही स्त्रीची हाडं वाटतात, असं निरीक्षण झालं होतं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर स्टॉकहोम विद्यापीठाच्या अॅना शेलस्ट्रोम यांनी ही हाडं पुन्हा तपासली. कमरेच्या हाडात मागच्या बाजूला एक खाच असते. बाळंतपणाला लागणाऱ्या जागेमुळे स्त्रियांमध्ये ती साधारणपणे रुंद असते आणि पुरुषांमध्ये अरुंद. इथे ती रुंद होती. जबड्याची हनुवटी पुरुषांसारखी पुढे आलेली नव्हती. हातापायांची लांब हाडं सडपातळ होती. व्यक्तीचं वय तिशीच्या पुढे होतं. ही स्त्री असल्याचं शेलस्ट्रोम यांनी मांडलं, तरीही शंका घेतल्या गेल्या. कुणी म्हणालं हाडांची अदलाबदल झाली असेल. थडग्यात आणखी एक पुरुष असेल आणि शस्त्रं त्याची असतील, असंही सुचवलं गेलं.

डीएनएने काय सांगितलं?

उप्साला विद्यापीठाच्या शार्लोट हेडेनस्टिएर्ना-योन्सन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने सांगाड्याचा सुळा आणि डाव्या दंडाचं हाड यांतून नमुने घेतले. दोन वेगवेगळ्या जागांहून नमुने घेण्यामागे हेतू होता. हाडांची सरमिसळ झाली असेल तर दोन्हींचे निकाल जुळणार नाहीत.

निकाल जुळले. दात आणि हाड एकाच व्यक्तीचे होते आणि त्यांत वाय गुणसूत्राचा मागमूस नव्हता. म्हणजे एक्स-एक्स, जैविकदृष्ट्या स्त्री. सप्टेंबर २०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिकल अँथ्रोपॉलॉजी' या नियतकालिकात हा शोधनिबंध आला.

याच अभ्यासात दातांमधलं स्ट्रॉन्शियमही मोजलं गेलं. हे मूलद्रव्य जमिनीतून पाण्यात, अन्नात आणि तिथून आपल्या दातांत येतं. दातांचं वरचं कवच लहानपणीच तयार होतं आणि नंतर बदलत नाही. वेगवेगळे दात वेगवेगळ्या वयात बनत असल्याने, ते तुलनेने तपासले की माणूस कोणत्या वयात कुठल्या प्रकारच्या जमिनीवर राहत होता याचा माग लागतो. ही स्त्री बिर्कात वाढलेली नव्हती, लहानपणापासून तिची जागा बदलत गेली असावी, असे संकेत त्यातून मिळाले.

मग वाद कसला?

बातम्यांचे मथळे 'व्हायकिंग महिला सेनापती सापडली' असे आले. मालिकांमधून व्हायकिंग 'ढालकन्या' आधीच घराघरात पोहोचल्या होत्या, त्यामुळे गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. सोंगट्यांच्या पटावरून ती डावपेच आखणारी अधिकारी असावी, असा अंदाज संशोधकांनीच मांडला होता. खरं तर हा दुवा जरा ताणलेलाच आहे. ज्याच्या घरी बुद्धिबळाचा पट असतो तो सेनापतीच असतो असं नाही.

नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या व्हायकिंग इतिहासाच्या प्राध्यापक ज्युडिथ येश यांनी निबंधावर टीका केली. त्यांचे आक्षेप साधारण असे: इतक्या वर्षांत संग्रहालयात पिशव्यांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? हाडांवर लढाईच्या जखमा का नाहीत? आणि थडग्यात शस्त्रं ठेवली म्हणून ती व्यक्ती लढत होती हे कसं ठरतं?

नील प्राइस आणि मूळ गटातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात सविस्तर उत्तर दिलं. इथे स्तोल्पे यांचे चौकटींचे कागद कामी आले. हाडांवर थडग्याचा क्रमांक शाईने लिहिलेला होता आणि आराखड्यात दाखवलेल्या सांगाड्याशी ती जुळत होती. थडग्यात दुसऱ्या माणसाची खूण आराखड्यातही नव्हती. पहिला आक्षेप इथे बऱ्यापैकी निकाली निघतो.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे. पुरुष म्हणून ओळखल्या गेलेल्या बिर्कातल्या सांगाड्यांवरही शस्त्रांच्या जखमा अगदी मोजक्या आहेत. त्यांच्याकडे कुणी जखमांचा दाखला मागितलेला नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. थडग्यातलं सामान मेलेला माणूस स्वतः ठेवत नाही, त्याच्या मागे राहिलेले ठेवतात. शस्त्रं तिच्या हुद्द्याची खूण असतील, घराण्याच्या प्रतिष्ठेची असतील किंवा तिने ती खरोखर चालवली असतील. हाडं आणि डीएनए यातलं काहीच सांगू शकत नाहीत. येश यांच्या मुद्द्यात तथ्य आहेच. पण हा मुद्दा जितका तिला लागू पडतो तितकाच शस्त्रांसह पुरलेल्या प्रत्येक पुरुषालाही लागू पडतो. ५८१ मधली व्यक्ती पुरुष मानली जात होती तोवर ती योद्धा होती की नाही यावर वाद झाला नव्हता. थडगं तेच, सामान तेच. बदललं ते एका गुणसूत्राबद्दलचं आपलं ज्ञान.

२०१९ च्या निबंधात आणखी एक शक्यताही मोकळेपणाने मांडलेली आहे. जैविक लिंग स्त्रीचं असलं तरी ती व्यक्ती स्वतःला काय समजत होती, समाज तिला काय म्हणत होता, हे आपल्याला माहीत नाही. ती पुरुष म्हणून जगली असेल हेही नाकारता येत नाही. तिच्या हातातल्या शस्त्रांचा सगळ्यात साधा अर्थ मात्र ती योद्धा होती हाच आहे, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

हे एकच थडगं आहे का?

नाही, पण अशी थडगी फार थोडी आहेत. नॉर्वेत नॉर्द्रे शोलेन इथे १९०० साली तलवार, कुऱ्हाड, बाण आणि घोड्यासह पुरलेली एक तरुण स्त्री सापडली होती. नॉर्वेतल्याच ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये एक आख्खं जहाज जमिनीतून काढण्यात आलं. इसवी सन ८३४ मध्ये ते दोन स्त्रियांसह पुरलं होतं. त्यात शस्त्रं नव्हती, पण वैभव राजेशाही होतं. म्हणजे बलाढ्य स्त्रीला मोठा अंत्यविधी मिळू शकतो हे अभ्यासकांना पूर्वीपासून मान्य होतं. ओसेबर्गमधल्या स्त्रीला राणी म्हणायला कुणी कचरलं नाही. खळखळ सुरू झाली ती तलवारीपाशी.

फिनलंडमधलं हट्टुला इथलं थडगं सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे. १९६८ साली सापडलेल्या या थडग्यात स्त्रीच्या पोशाखातल्या पिना होत्या आणि तलवारही. हे बहुधा स्त्री-पुरुष जोडप्याचं थडगं असावं, असा एक सोयीचा अंदाज बराच काळ केला जात होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत एकच व्यक्ती असल्याचं दिसलं. तिची गुणसूत्रं बहुधा एक्स-एक्स-वाय होती. म्हणजे एक तर पुरुष किंवा एक तर स्त्री या दोन रकान्यांत ती सरळ बसत नव्हती. तिला पुरणाऱ्यांनी तिच्या अंगावर पिना लावल्या आणि शेजारी तलवार ठेवली. त्यांना यात काही विसंगती वाटली असावी असं थडग्यावरून दिसत नाही.

बिर्कातल्या इतर शस्त्रधारी थडग्यांचीही अशीच तपासणी करता येईल का, हा पुढचा साहजिक प्रश्न आहे. तिथे अडचण हाडांचीच आहे. अनेक थडग्यांत डीएनए मिळेल इतकं काही शिल्लक नाही. दहन झालेल्यांकडून तर आशाच नको, कारण चितेच्या उष्णतेत डीएनए टिकत नाही. हाताशी राहतात ती संग्रहालयातल्या पेट्यांमधली मोजकी हाडं, स्तोल्पे यांचे आराखडे आणि बेटावर गवताखाली अजून न उघडलेले जवळपास दोन हजार उंचवटे.